आशीर्वादाला उघडलेले हात

साहेब, तुम्ही आमचा आशीर्वाद चोरलात. आडपडदा न ठेवता लिहिते, कारण आडपडद्याने बोलणाऱ्यांचे अर्ज तुमच्याकडे कुठे जातात ते मी पाहिलंय.

मार्चमध्ये तुम्ही आमच्या शाळेच्या हॉलमध्ये जनसुनावणी घेतलीत. प्रश्न एकच होता, डोंगरावरचं सारी-बेल कुरण सोन्याच्या खाणीला द्यायचं की नाही. आमच्या घोड्या उन्हाळाभर तिथेच चरतात, आणि घोड्यांवर गाव चालतं. तुम्ही भिंतीवर नकाशा लावलात. कुरणाच्या जागी नुसता राखाडी चौकोन होता.

"यात आमच्या घोड्या कुठं दिसेनात," कालिमान एजे, आम्हा सगळ्यांची थोरली ताई, म्हणाली. घोड्यांचं दूध काढता काढता तिची बोटं वाकडी झालीयत.

"नकाशात जनावरं दाखवत नाहीत, बाई."

"खाण बरी दाखवता! ती तर अजून तिथं नाहीच."

हॉल हसला. तुम्हीही हसलात. तीन तासांत चाळीस माणसं बोलली, चाळीसच्या चाळीस जण 'नाही' म्हणाले. एक्याऐंशी वर्षांचे तुर्गुनबाय अक्साकाल, आमच्या गावचे वडीलधारे, काठी टेकत उठले आणि म्हणाले, "खाणीचा रस्ता न्यायचाच असेल तर आधी मला पुरा, मग माझ्यावरून न्या."

दाराशी हजेरीचा कागद होता. शेजारच्या गावात अशाच हजेरीच्या सह्या पुढे संमती म्हणून जोडल्या गेल्या होत्या. म्हणून मी दारातच उभी राहिले. "पेनाला हात लावाल तर याद राखा," प्रत्येकाला बजावत होते. एकानेही सही केली नाही. त्या दिवशी मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

मग चहा झाला, पिठाचे तळलेले बोर्सोक झाले. तुम्ही टोपी हातात घेऊन उठलात. "अक्साकाल, तुमचं अन्न खाल्लं. आता आशीर्वाद द्या, म्हणजे निघतो."

आमचं अन्न खाल्लेला पाहुणा कितीही नावडता असो, आशीर्वादाशिवाय त्याला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. हे तुम्हाला ठाऊक होतं. तुमची आईही असाच आशीर्वाद देत असेल. अक्साकालांनी दोन्ही तळवे समोर उघडले. सगळ्या हॉलने उघडले. मीही उघडले.

"वाट सुखाची होवो. घरी मुलाबाळांत सुखरूप पोचा." ते एवढंच म्हणाले. तुमचा फोटोवाला तेव्हा खुर्चीवर चढला होता. नंतर आम्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि 'ओमिन' म्हटलं. तो फोटो मात्र तुम्ही काढला नाहीत.

मेमध्ये हुकूम आला. 'उपस्थितांनी हात उंचावून एकमताने मंजुरी दिली.' खाली फोटो.

अक्साकालांना घेऊन मी जिल्ह्याच्या कचेरीत गेले. कारकुनाने फोटो पुढे सरकवला.

"हे हात कोणाचे?"

"माझेच," अक्साकाल म्हणाले.

"मग झालं की!"

"बाळा, नीट बघ. तळवे आमच्याच तोंडाकडे आहेत. मत देणारा तळवा तुमच्याकडे करतो. हा आशीर्वाद आहे."

कारकुनाने बराच वेळ फोटो पाहिला. मग हळूच म्हणाला, "अक्साकाल, तळवा कुठल्या बाजूला हवा ते नियमात नाही." निदान त्याने मान तरी खाली घातली.

गावात परतल्यावर जेनिश बाइके, आम्हा सगळ्यांचा दादा, थट्टेने अक्साकालांना म्हणाला, "आमच्या घरी आलात तर हात खिशात ठेवा हं, नाहीतर घर जायचं." ते हसले. घरी जाऊन दोन दिवस जेवले नाहीत.

गेल्या शुक्रवारी त्यांच्या पणतूला पहिल्यांदा पाळण्यात घालायचं होतं. सगळ्यांनी तळवे उघडले आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांचे हात मांडीवरच. सून कुजबुजली, "बाबा, सगळे थांबलेत."

"भीती वाटते, पोरी," ते म्हणाले. "मी मागेन एक, आणि लिहिलं जाईल भलतंच."

एकेकाचे तळवे खाली आले. बाळ आशीर्वादाशिवाय पाळण्यात घातलं गेलं. आमच्या गावात असं कधी झालं नव्हतं.

पाच जूनला घोड्या वर न्यायच्या आहेत. सारी-बेलच्या वळणावर तुमचा अडसर पडलाय, शेजारी शिपाई बसलाय. आम्ही त्या दिवशी तिथे येणार, घोड्यांसकट, सगळं गाव. त्याआधी मला लेखी सांगा. आमचा होकार तुम्ही एका फोटोतून काढलात. मग चाळीस माणसं तीन तास जे बोलली, ते तुमच्या कुठल्या कागदावर, कितव्या पानावर आहे? नसेल तर नाही म्हणून लिहा, खाली स्वतःची सही करा. आणि आम्हाला नाही म्हणायचं असेल तर यापुढे हात नेमके कसे धरायचे, तेही कळवा. अक्साकाल रोज विचारतात. त्यांना मी काय सांगू?

उत्तर द्या.