उंबरघळीचा फोटो

१९९२च्या उन्हाळ्यात वनखात्याचा गार्ड वना, उपग्रहाने काढलेला फोटो घेऊन आमच्या शाळेत आला, तेव्हा वणवा विझून महिना उलटला होता. जंगल किती जळालं ते मोजायचं होतं. ओढे आणि पाडे ओळखायला त्याला माझी मदत हवी होती.

टेबलाभोवती पोरं जमली. दाराशी तानुबाई येऊन उभी राहिली. आग झोडपायला ओल्या डहाळ्या आणतो म्हणून तिचा नवरा झिपरू उंबरघळीत उतरला, तो परतलाच नव्हता. जळकी झाडं पडून घळीचं तोंड बुजलं होतं. लोक वरून हाका मारून माघारी आले. आतली घळ बारमाही हिरवी, ती कशाला जळेल? झिपरू पलीकडच्या सडकेवर निघाला असेल, ट्रकात बसून सुरतेला गेला असेल, असं सगळे म्हणत.

"तठे दुसरी करी लिन्ही व्हई त्यानी," त्याने तिथे दुसरी बायको केली असेल म्हणून बाया चिडवत. तानुबाई त्याला शिव्या घाली, आणि त्याच आशेवर जगे.

"गुरुजी, लाल म्हंजे आग शे का?" तिच्या मुलीने, धुरपदाने विचारलं. पोर चौथीत होती.

"उलटं आहे बाळ. या फोटोत जिवंत पान लाल दिसतं. जळालेलं काळं."

"मंग माणूस?"

"माणूस नाही दिसत. यातल्या एका ठिपक्यात आपली शाळा अंगणासकट मावते."

धुरपदाने नदी ओळखली, मग सडक, मग आपला पाडा. मलाही हुरूप आला. "आता ओढा धरून वर जा," मी म्हणालो. तिचं बोट घळीपाशी जाऊन थांबलं.

"लाल शे ना तठे?" तानुबाईने दारातूनच विचारलं.

"माय, बठ्ठं काळं शे."

"सडकनी बाजूले देख."

"तठे बी."

वना घाईने म्हणाला, "वहिनी, कधी कधी फोटो बी चुकस."

तानुबाई माझ्याकडे बघत होती. "गुरुजी, पोर चुकनी ना?"

मी पुन्हा वाकून पाहिलं. या तोंडापासून सडकेपर्यंत घळ काळी होती.

"नाही," मी म्हणालो. "तिनं बरोबर वाचलं."

वनाने कुऱ्हाड मागवली, चार माणसं गोळा केली. तानुबाई त्यांच्या पुढे घळीकडे चालू लागली.

धुरपदाला मी घरी जा म्हणालो. ती हलली नाही. फोटोवर नाक टेकवून, घळीतला एकेक ठिपका तपासत राहिली.