उपासाच्या फोडी

वच्छलाबाईंनी नवऱ्याच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि मनातल्या मनात आकडे मोजायला सुरुवात केली. खड्डा पडला. आषाढात तो दहा म्हणेपर्यंत भरून यायचा. आज तीस झाले तरी जागचा हलला नाही, तेव्हा त्यांनी त्याच्या पायांवर गोधडी ओढली, जणू झाकली म्हणजे सूज उतरणार होती.

जीवराम जागाच होता. गेले चार दिवस त्याला आडवं पडवत नव्हतं. पाठीशी गाठोडं घेऊन तो बसल्या बसल्या डुलक्या काढायचा. त्यानं डोळे न उघडताच विचारलं, "आज सोमवार शे ना?"

वच्छलाबाई हो म्हणाल्या. श्रावणातला चौथा सोमवार होता.

"मंग बटाटा चिर."

धुळ्याच्या डाकबंगल्यावर जीवरामनं बावीस वर्षं चाकरी केली होती. भांडी घासणारा मसालची म्हणून लागला आणि खानसामा होऊन घरी बसला. कुणब्याच्या पोरानं साहेबाचं उष्टं काढावं म्हणून भाऊबंदांनी आधी नाकं मुरडली. पुढे त्याच भाऊबंदांनी आपापली पोरं तिथे चिकटवायला त्याच्या पायऱ्या झिजवल्या. सूप, कटलेट, पुडिंग सगळं तो करायचा, पण नाव झालं ते बटाट्याच्या तळलेल्या फोडींचं. साहेब लोक त्यांना चिप्स म्हणत. दौऱ्यावर आलेला कलेक्टर असो की पुलाचा इंजिनिअर, घोड्यावरून उतरता उतरता आधी फोडींची चौकशी व्हायची.

या चैत्रात त्याचे पाय सुजले. गल्लीच्या तोंडाशी पेस्तनजी डॉक्टरांचा दवाखाना होता. पारशी माणूस, मराठी मोडकंतोडकं, पण हाताला गुण होता. त्यांनी छातीला नळी लावली आणि काळीज थकलंय, अंगात पाणी साठतंय, असं सांगितलं. औषधाची बाटली दिली आणि दोन गोष्टी बजावल्या : मीठ बंद, तळलेलं बंद. वच्छलाबाईंनी त्या दिवसापासून भीतीला घरात जागा दिली. नवऱ्यासाठी अळणी वरण, अळणी भाजी करायची आणि तो घास घोळवत बसला की दुसरीकडे बघायचं.

मग ज्येष्ठात जीवरामला देव आठवला. ज्यानं उभ्या जन्मात महाशिवरात्र पाळली नव्हती, तो चतुर्थी धरू लागला. चतुर्थीमागून एकादशी आली, एकादशीमागून सोमवार. वच्छलाबाईंना आनंदानं रडू आलं. त्यांनी डॉक्टरांना मुद्दाम जाऊन सांगितलं. पेस्तनजी खूश झाले आणि म्हणाले, उपास फार चांगला, पोटाला सुट्टी मिळते.

पारशाच्या घरचा उपास कसा असतो ते वच्छलाबाईंना ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्या घरचा कसा असतो ते पेस्तनजींना. तळणाची बंदी रोजच्या जेवणाला होती. उपासाचं खाणं जेवणात धरायचं ही कल्पनाच त्या घरात कुणाला कधी शिवली नव्हती. मिठाचंही तसंच. रोजचं मीठ उपासाला चालत नाही, म्हणून शेंदेलोण. आणि ज्या अर्थी ते उपासाला चालतं, त्या अर्थी ते मीठ नव्हे. वच्छलाबाईंच्या आईनं, सासूनं असंच मानलं होतं आणि त्या सुखानं नांदल्या होत्या.

फोडी करायला जीवरामनंच त्यांना शिकवलं. खाटेवरून, हातात पळी असल्यासारखा हात हलवत. बोटाएवढ्या जाड चिरायच्या, गार पाण्यात घटकाभर ठेवायच्या, मग धुतल्या फडक्यावर एकेक कोरडी करायची. शेंगदाण्याचं तेल आधी मंद ठेवून फोडी नुसत्या शिजू द्यायच्या. रंग यायच्या आत उपसायच्या, निवू द्यायच्या आणि मग कडक तेलात परत सोडायच्या. पहिल्या खेपेला वच्छलाबाईंनी घाई केली. मऊ लिबलिबीत फोडी बघून, साहेबानं हे ताट परत धाडलं असतं, असं तो म्हणाला आणि तरीही बशी पुसून खाल्ली.

आज त्या चुलीपुढे बसल्या खऱ्या, पण कान बाहेरच्या खोलीत होते. तेल तडतडायला लागलं की त्याचा श्वास ऐकू येईना. ऐकू आला नाही की त्या कढई उतरवायच्या, दारापर्यंत जायच्या, छाती हलताना बघायच्या आणि परत यायच्या. असं तीनदा झालं. शेवटी शेंदेलोणाची चिमूट टाकून बशी त्यांनी त्याच्यापुढे ठेवली. सुजलेल्या बोटांनी त्यानं एकेक फोड उचलली आणि हळूहळू सगळी बशी संपवली. त्या वेळेपुरता त्याचा चेहरा पहिल्यासारखा दिसला. दुपारी मात्र ओठ निळसर झाले आणि वच्छलाबाई रिकामी बाटली घेऊन दवाखान्याकडे पळत सुटल्या.

पेस्तनजींनी बाटली हातात घेतली, पण भरली नाही. एवढ्या औषधानं सूज उतरायलाच हवी होती, असं ते म्हणाले. कालपासून काय काय खाल्लं ते एकेक करून सांगायला लावलं. काल अळणी भाकरी, अळणी वरण, आणि आज तर उपासच, वच्छलाबाईंनी अभिमानानं सांगितलं. म्हणजे आज काहीच नाही ना, असं डॉक्टरांनी विचारलं. काहीच नाही, नुसत्या बटाट्याच्या तळलेल्या फोडी, त्या म्हणाल्या.

पेस्तनजींनी बाटली खाली ठेवली. "मीठ टाकते त्यात?"

"मीठ नही टाकस. शेंदेलोण टाकस."

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं वच्छलाबाईंना पुढे कितीदा वाटलं. "बाई," ते म्हणाले, "सूजेला पंचांग नाय वाचता येत. मीठ ते मीठ. आजपासून बंद झालं तर बघू. नाय झालं तर मला बोलवू नका."

घर पन्नास पावलांवर होतं, पण त्या पांझरा नदीच्या बाजूनं लांबून आल्या. बोटांवर उपास मोजत होत्या. चतुर्थ्या, एकादश्या, सोमवार. एकवीस भरले. एकवीस बशा आपण आपल्या हातानं पुढे केल्या. चाकूनं कुणी एकवीस वार केले असते तर गल्लीनं त्याला धरून नेलं असतं. आपल्याबद्दल मात्र शेजारची ताईबाई म्हणत होती, नवऱ्याचं करावं तर वच्छलानं. त्या एका दगडावर बसल्या. मग आपण इथे बसलोय आणि घरात तो एकटा आहे, या विचारानं धडपडत उठल्या.

जीवराम गाठोड्याला टेकून होता. त्यांनी दारातच सगळं सांगून टाकलं. आपण विष घातलं, असं म्हणून कपाळावर हात मारून घ्यायला गेल्या, तर त्यानं हात धरला. त्याच्या चेहऱ्यावर नवल काही दिसेना. वच्छलाबाईंना त्याचीच जास्त भीती वाटली.

"तुमले माहीत व्हतं?"

"व्हतं."

मग धापा टाकत, मध्ये मध्ये थांबत त्यानं सांगितलं. पंधरा वर्षांमागे एका इंजिनिअर साहेबाचे पाय असेच सुजले होते. मोठा डॉक्टर खुद्द स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि कुठलंही मीठ, कसलंही मीठ चालणार नाही म्हणून दम देऊन गेला. दोन महिने जीवरामनं त्या साहेबाला अळणी घातलं. साहेब ताटं फेकायचा, शिव्या द्यायचा. बरा होऊन गेला, पण जाताना हातात हात काही दिला नाही.

"मंग तुमी कसाले खादं?"

"अळणी खाईखाईसन मन मरी गयं व्हतं." तो म्हणाला. "आनी तुले माहीत नव्हतं, तवलोंग दोष मन्हा एकलाना व्हता."

वच्छलाबाईंना इतका राग आला की भीती क्षणभर बाजूला झाली. "हात तं मन्हा व्हता ना," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. त्यानं हाक मारली नाही. आता सोडतो, असंही म्हणाला नाही. बावीस वर्षं चवीवर जगलेला माणूस असा शब्द सहज देणार नव्हता, हे त्यांना कळत होतं.

मंगळवारी दुपारी त्यांनी दोन ताटं वाढली. उकडलेला बटाटा, वरण, भाकरी. त्याचं त्याच्यापुढे ठेवलं, आपलं आपल्यापुढे. जीवरामनं एक घास घेतला, तोंडात फिरवला आणि खाली बघत राहिला. मग चोरून घ्यावं तसा हळूच हात लांब केला आणि वच्छलाबाईंच्या ताटातल्या बटाट्याचा तुकडा उचलला. त्यांनी हात अडवला नाही. त्यानं तो तोंडात टाकला.

तोही अळणी होता.

त्यानं मान वर केली. वच्छलाबाई त्याच्याकडे न बघता आपला घास चावत होत्या. अळणी घास घशाखाली ढकलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग त्यानं आपलं ताट जवळ ओढलं, भाकरी मोडली आणि पुढ्यातलं सगळं संपेपर्यंत तो जेवत राहिला.