रुमाल टाकलाय

खिडकी लावू नका गं, थांबा जरा. ऐका. खाली हळदीची मिरवणूक चाललीय ना, ते बेंजोवाले काय वाजवत्यात कळतंय का? तेच. परवा फ्रेशर्सला अख्खं हॉस्टेल ह्याच गाण्यावर नाचलं, पर हे कुठनं आलं ते तुमच्यातल्या एकीलाबी ठाव न्हाई. आमच्या शिरूरच्या स्टँडवरनं आलंय. मी तिथं व्हते. खरंच व्हते, हसू नका.

आन् जाई, तू म्हणली व्हतीस ना, तिसऱ्या कडव्यात बेंजो एकदम गप व्हतो आन् नुसता ताशा वाजत राहतो, ते लई भारी डोकं लावलंय म्हणून? डोकंबिकं काय न्हाई लावलेलं. सांगते. बसा सगळ्या.

बारावीची गोष्ट हाय, दोन हजार तीनची. आमच्या ज्युनिअर कॉलेजात तीन जाती व्हत्या. म्हंजी तसल्या न्हाई गं, त्या तर व्हत्याच, ह्या निराळ्या. एक पासवाल्या, म्हंजी आमी, यष्टीचा पास काढून केंदूर, पाबळ, कुठनं कुठनं येणाऱ्या. दुसरे जीपवाले, तळेगाव ढमढेऱ्याकडची पोरं, जीपच्या मागं लोंबत यायची, आत जागा असली तरी लोंबायची. आन् तिसरे कंपनीवाले. त्यांचे बाप रांजणगावला एमआयडीशीत साहेब, त्यांना कंपनीची बस सोडायला यायची, पडदेवाली. वर्गात बाकंसुद्धा ठरलेली. पासवाल्या भिंतीकडं, कंपनीवाले पंख्याखाली, जीपवाले दाराशी. कुणी कुणाशी बोलायचं न्हाई. असं कुणी सांगितलं नव्हतं, पर बोलायचं न्हाई.

माझ्या बाकावर प्रतिभा बसायची. ही गाण्याची बाई. बघितली तर तुमाला वाटणारबी न्हाई. बारीक, तेल लावून दोन वेण्या, आवाज मात्र असा की मेंढराला हाक मारली तर पलीकडच्या डोंगरावरचं मेंढरू मान वर करंल. तिच्या आज्याची व्हतीच मेंढरं, आता शेती करत्यात. यष्टीत बसली की ती खिडकीला डोकं टेकून काहीबाही जुळवायची. लिहायची न्हाई, नुसती पुटपुटायची. मी विचारायचे काय गं, तर म्हणायची, तुझ्या लग्नातली मंगलाष्टकं.

आता यष्टी आन् जीपचं कसं व्हतं सांगते, म्हंजी पुढचं कळंल. शिक्रापूरला दोन्ही नगर रोडला लागायच्या. तिथनं शिरूरपतोर शर्यत. यष्टी थांब्यावर थांबली की जीप पुढं, जीप शीट भरायला थांबली की यष्टी पुढं. असं चालायचं सगळ्या रस्त्यानं. आन् दर वेळंला जीप आमच्या खिडकीवरनं गेली की मागं लोंबणारा एक जण दिसायचा, पाठीवर गोणपाटाची पिशवी, सायकलच्या ट्यूबनं बांधलेली. संघर्ष. तळेगावचा. त्याच्या मामाची, नवनाथमामाची, बेंजो पार्टी व्हती, भीमजयंतीला आन् हळदीला वाजवायची, आन् संघर्ष त्यात बेंजो वाजवायचा. कॉलेजातबी बेंजो घिऊन यायचा, कारण संध्याकाळी परस्पर ऑर्डरीवर जायचं असायचं. जीप पुढं गेली की प्रतिभा पुटपुटायची बंद व्हायची. पुन्हा मागं पडली की सुरू. मला कळायला वर्ष गेलं. मी लई हुशार न्हाई असल्या बाबतीत.

कळल्यावर मी म्हणलं, सांग की त्याला. तर म्हणली, कसं सांगू, तो तर सारखा कंपनीच्या बसकडं बघत असतो. आन् खरंच बघायचा. सगळेच जीपवाले बघायचे, कारण त्या बसमधनं रश्मी उतरायची. रश्मीकडं गिटार व्हती. पोरीकडं गिटार, शिरूरात, तवा. जीनची पँट आन् पाठीवर गिटार. आमी तिला लई शिव्या द्यायचो मनात, आन् ती आली की सगळ्या आधी तिच्याकडंच बघायचो.

तर ही रश्मी एक दिवस आमच्या बाकाशी येऊन उभी. गणिताचा ऑफ तास व्हता. प्रतिभा पुटपुटत व्हती ते तिनं ऐकलं व्हतं म्हणं. तिनं सरळ कानातलं वॉकमनच्या वायरीचं एक टोक काढून प्रतिभाच्या कानात घातलं. मी दुसऱ्या बाजूनं कान लावला. इंग्रजी गाणं, नुसता दंगा. ढोल पळतोय, गिटार करवतीवानी, आन् एक पोरगी भांडल्यागत गातेय. रश्मी म्हणली, ह्याचा अर्थ असा, की एका शाळेत एकाच टोळीतल्यांनी एकमेकांवर प्रेम करायचं असा नियम हाय, आन् ही म्हणते गेला उडत. प्रतिभानं पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. मग म्हणली, हे तर आमच्या भांडणावानी हाय, नळावरच्या.

आन् तिनं तिथंच, त्याच पळत्या ठेक्यावर म्हणून दाखवलं:

पासवाल्या पुढं बसा, जीपवाले मागं लोंबा,
कंपनीची बस आली, सगळे बाजूला थांबा.
रुमाल टाकलाय, रुमाल टाकलाय,
खिडकीतनं मी रुमाल टाकलाय,
उठवून दाव कुणीबी, जागा धरलीय,
रुमाल टाकलाय.

रश्मीला रुमालाचं ठाव नव्हतं. तिच्या बशीत ज्याची त्याची शीट ठरलेली. मग आमी तिला सांगितलं की यष्टी लागली रं लागली की खालनं खिडकीतनं रुमाल आत टाकायचा, मग ती जागा आपली, म्हातारं माणूससुद्धा उचलत न्हाई. पर पासवालीनं पासवालीसाठीच टाकायचा. दुसऱ्यासाठी टाकला तर आठ दिवस आपल्याशी कुणी बोलत न्हाई. रश्मी ऐकतच राहिली. म्हणली, हे गॅदरिंगला गायचं.

ठेका धरायला बेंजो पाहिजे म्हणून संघर्षला रश्मीनंच बोलावलं. जीपवाल्यांनी शिट्ट्या मारल्या, त्यांना वाटलं पोरगं लागलं लायनीला. सायकल स्टँडच्या मागं ऑफ तासाला आमची प्रॅक्टिस चालायची. संघर्ष खाली मान घालून वाजवायचा, बोलायचा कमी. दोन कडवी पाठ झाली. तिसरं म्हणायची वेळ आली की प्रतिभा नुसती लालाला करायची, म्हणायची, ते त्या दिवशी. मला म्हायती व्हतं त्यात काय हाय. तिनं यष्टीत माझ्या कानात म्हणून दाखवलं व्हतं आन् मला अंगावर काटा आला व्हता. त्या कडव्यात ती त्याला सांगणार व्हती. दुसरं कवा सांगणार, गॅदरिंग झालं की परीक्षेच्या सुट्ट्या, मग कोण कुठं.

आता अडचण बघा. केंदूरची शेवटची यष्टी सव्वापाचला. प्रतिभाच्या आबांचा दंडक व्हता, यष्टीनं जायचं, यष्टीनं यायचं, पोरगी जीपमधी दिसली की दुसऱ्या दिवशी कॉलेज बंद. आन् आबा काय वाईट नव्हते गं, गावच तसं व्हतं, जीपमधी बसली म्हंजी झालं. म्हणून पासवाल्या पोरी कवाच गॅदरिंगमधी नसायच्या. ह्या वेळंला सरांनी दुपारचा नंबर दिला व्हता.

पर पाहुणे उशिरा आले. मग त्यांचं भाषण, मग नारळ, मग कंपनीवाल्यांचे डान्स, त्यांच्या आया कॅमेरे घिऊन पुढं बसलेल्या. आमचा नंबर मागं, मागं, मागं. प्रतिभा साडी नेसून कडंला उभी. शेवटी ती सरांकडं गेली. सर म्हणले, ज्यांना यष्टीची घाई हाय त्यांनी भागच कशाला घ्यावा. ती तशीच वळली. दप्तर उचललं आन् चालायला लागली. मी मागं. सगळ्या रस्त्यानं ती रडली न्हाई, नुसती भरभर चालत व्हती, आन् स्टँडवर आल्यावर तिनं सवयीनं यष्टीच्या खिडकीतनं रुमाल आत टाकला. मग शेजारी दप्तरबी, म्हंजी दोन जागा धरल्या. मी म्हणलं माझ्या जागंला माझा रुमाल हाय माझ्याकडं, तर भिंतीकडं बघत राहिली.

स्टँडच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडं जीपा लागायच्या. भिंतीला चिकटून नवनाथमामाची जीप उभी, तळेगावला हळदीची ऑर्डर व्हती. नंबर आला की बोलवा म्हणून संघर्ष मघाच इकडं आलेला, टपावर चढून सामान बांधत व्हता. आन् तेवढ्यात मागनं रश्मी पळत आली, गिटार हातात, केसाला चमकी लावलेली, स्वतःचा डान्स सोडून. दम लागलेला. तिनं भिंतीवरनं संघर्षला सांगितलं की ही चाललीय, आन् गाणं झालंच न्हाई.

संघर्षनं हातातली दोरी सोडली. मग म्हणला, "इथं म्हणायला कुणाच्या बापाची परवानगी लागती?"

स्पीकरचे बॉक्स टेंपोतनं आधीच पुढं गेलेले. टपावर फक्त भोंगा, आठवडी बाजाराची जाहिरात सांगत फिरायचा तसला. संघर्षनं घाईघाईत बेंजोची वायर भोंग्याच्या मशीनला खुपसली, जिथं दुसरा माईक लावत्यात तिथं, आन् बटण पार शेवटाला फिरवलं. तिथं बेंजो लावत नसत्यात. नवनाथमामा ओरडले की भोंगा फाटंल. आन् फाटलाच गं. पहिली तार छेडली आन् असा आवाज आला की स्टँडवरची कुत्री उठून उभी राहिली. पत्रा टराटरा फाडल्यावानी. रश्मी भिंतीवर चढत व्हती, ती तिथंच थांबली. म्हणली, "हाच. कॅसेटीतला आवाज हाच हाय." मामांचा ताशावाला जीपमधी बसला व्हता, त्याला काय सांगावं लागलं न्हाई.

प्रतिभा साडी खोचून भिंतीवर चढली. माईक हातात. एका बाजूला आमच्या पासवाल्या, एका बाजूला लोंबणारी पोरं, आन् डान्स उरकलेली पोरं घरी सोडायला निघालेली ती पडदेवाली बस फाटकाशी अडकलेली, तिचे पडदे सगळे बाजूला झालेले.

मी तिला असं गाताना कवाच बघितलं नव्हतं. बारीक पोरगी, आन् आवाज भोंग्यातनं पार बाजारपेठेपतोर. पहिल्या कडव्याला लोक हसले. दुसऱ्या वेळंला 'रुमाल टाकलाय' आलं तवा पासवाल्यांनी खरंच रुमाल काढून फिरवायला सुरुवात केली, आन् मग जीपवाल्यांनी गळ्यातले, आन् बशीच्या खिडकीतनं इस्त्रीचे पांढरे रुमालसुद्धा. सगळं स्टँड एकच ओरडतंय. कंट्रोलर बाहेर आला, केंदूर केंदूर म्हणायला लागला, कुणाला ऐकूच जाईना.

मग तिसरं कडवं. ती संघर्षकडं वळली न्हाई. समोर बघूनच म्हणली:

गोणपाटात बांधलाय बेंजो, ट्यूबची मारलीय गाठ,
जीपला लोंबत जातो येडा, बघते मी त्याची वाट.

आन् बेंजो थांबला.

तिथं, जाई. तिथंच. पोराचा हातच चालंना. टपावर बसून तोंड उघडं टाकून तिच्याकडं बघतोय. ताशावाला आपला वाजवतोय, त्याला वाटलं ठरलेलं हाय. रश्मीसुद्धा थांबली, मग तिनं माझ्याकडं बघितलं, आन् मी मान हलवली, आन् ती एवढी हसली एवढी हसली. प्रतिभानं उरलेलं नुसत्या ताशावर म्हणलं. आवाज हलला न्हाई तिचा.

कंडक्टर हौशीराममामांनी डबल घंटी मारली. प्रतिभानं माईक रश्मीच्या हातात दिला, भिंतीवरनं उडी मारली आन् यष्टीत. मी मागनं. ती खिडकीशी बसली. शेजारच्या जागंवर तिचा रुमाल तसाच. आमच्या गावच्या शेवंताबाई पाटी घिऊन आल्या, बसू का म्हणल्या. प्रतिभा म्हणली, जागा धरलीय आत्या. माझ्याकडं बघून म्हणल्या, कुणासाठी गं, ही सुरेखा तर मागं बसली. प्रतिभानं रुमालावर हात ठेवला. शेवंताबाई पाटी घिऊन पुढं गेल्या, पर बघत बघत गेल्या.

यष्टी निघाली. फाटकाशी वळली. मी मागच्या काचंतनं बघत व्हते. नवनाथमामा काय काय बोलत व्हते संघर्षला, ऑर्डर, हळद, उशीर. जीपवाली पोरं टपाला धरून उभी. आन् संघर्ष उतरला. बेंजो घेतला, गोणपाटात नीट घातलाबी न्हाई, आन् पळत सुटला. जीपवाले ओरडले, "अय, पास काढला का रं?" सगळे हसले. तो पळतच. हौशीराममामांनी दार धरून ठेवलं व्हतं. ते का धरलं व्हतं ते मी अजूनबी विचारलं न्हाई त्यांना.

आत आला. घाम आलेला. अख्ख्या यष्टीत पासवाल्या, सगळ्यांच्या माना वळलेल्या. मला वाटलं आता आठ दिवस कुणी बोलत न्हाई हिच्याशी. तो त्या जागंपाशी आला आन् रुमालाकडं बघत उभा राहिला, उचलायची हिंमत व्हईना.

म्हणला, "हा कुणाचा?"

"ज्याची जागा त्याचा," प्रतिभा म्हणली. "बस की आता, शिक्रापूर येईल."

मागनं कुणीतरी पासवालीनंच हळू आवाजात 'रुमाल टाकलाय' सुरू केलं. मग सगळ्यांनी धरलं. तो बसला. बेंजो मांडीवर, रुमाल हातात घडी करून. जीप आमच्या खिडकीवरनं पुढं गेली, आन् मागं लोंबायची त्याची जागा तेवढी रिकामी.

त्या रात्री हळदीला नवनाथमामांनी त्याला लई बोलून घेतलं आन् मग म्हणले, ते फाटकं गाणं वाजव एकदा. मग प्रत्येक हळदीला. मग शिरूरच्या कॅसेटवाल्यानं भरून घेतलं, मग सगळ्या जीपांत, मग यष्टीच्या ड्रायव्हरकडंबी. आता पुण्यात. जो बेंजोवाला वाजवतो तो तिसऱ्या कडव्याला थांबतो, कारण कॅसेटीत थांबलाय, त्यांना वाटतं तशी स्टाइल हाय. संघर्ष आजबी तिथं थांबतो. मी विचारलं व्हतं, आता का थांबतोस रं, आता तर ठाव हाय तुला. तर म्हणला, प्रतिभा अजूनबी ते कडवं तसंच म्हणती.

गप बसा. पुन्हा धरलंय त्यांनी, आलं बघा तिसरं कडवं. खिडकी उघडा अजून. ऐका, आता थांबंल.