छाटणीची खरी तारीख

दिवस उणे नव्वद

योगेश द्राक्षबागांचा सल्लागार. सायखेड्याकडच्या चाळीसेक बागा त्याच्या वहीवर चालायच्या. द्राक्षात सगळं छाटणीपासून मोजतात. पन्नासाव्या दिवशी हे द्या, साठाव्या दिवशी ते थांबवा. योगेशला तर लग्नाचा वाढदिवससुद्धा असाच लक्षात राही: फळ धरण्यासाठीच्या गोडी छाटणीनंतर बावीस दिवसांनी.

गेल्या वर्षी वेदिकाचा गर्भ आठव्या आठवड्यात गेला होता. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "पुढच्या वेळी राहिल्यावर धावत येऊ नका. राहण्याआधी या." म्हणून दोघं गेले. वेदिकाला फॉलिक ॲसिडची गोळी तीन महिने आधीपासून. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन तपासायचं. योगेशला दोनच गोष्टी: तंबाखू बंद, आणि फवारणीचे कपडे घराबाहेर.

पंचवटीतल्या फ्लॅटवर येताच योगेशने शेतकऱ्यांना देतो तोच छापील तक्ता काढला आणि फ्रिजवर चिकटवला. वेदिकाचा रकाना खच्चून भरला. स्वतःच्या रकान्यात एकच ओळ: 'तंबाखू कमी करणे.'

"माझं सगळं घेणे, आणि तुझं नुसतं कमी करणे?" शाळेत शिकवून आलेल्या वेदिकाने वह्या तपासाव्यात तसा तक्ता तपासला. "आणि बंदचं कमी कधी झालं?"

"हळूहळू करावं लागतं गं. झाडाला एकदम ताण दिला तर..."

"यात झाड कोण आहे, योगेश?"

योगेशने पेनाला टोपण लावलं.

दिवस पहिला

तीन महिने झाले, रिपोर्ट चांगले आले, डॉक्टरांनी हो म्हटलं. त्यानंतर पाळी आली ती तारीख योगेशने लाल पेनाने लिहिली. छाटणी!

दिवस एकोणतिसावा

(हा दिवस तक्त्यात कोरा आहे.)

दिवस चव्वेचाळिसावा

सायखेड्याच्या पुंजाभाऊंचा फोन आला. "योगेशभाऊ, पन्नास दिसाचा प्लॉट हाय, पर घडाचं मनी फुगंना. लय हबकलोय."

योगेश बागेत गेला. पाहताक्षणी कळलं. "पुंजाभाऊ, हा पन्नास दिवसांचा नाही. खरं सांगा."

पुंजाभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पहिली छाटणी पावसात गेली. मंग दुसऱ्यांदा केली. पर गावात कसं सांगायचं, पहिली वाया गेली म्हून?"

"गावाला नका सांगू, पण मला तरी सांगा! चुकीच्या तारखेवर बरोबर औषध दिलं तरी ते चुकीचंच."

हे वाक्य त्याला इतकं आवडलं की रात्री जेवताना त्याने वेदिकाला दोनदा ऐकवलं. वर म्हणाला, "शिकलेली माणसं असं करत नाहीत." वेदिका भाकरी मोडत ऐकत होती.

दिवस एकसष्टावा

पट्टीवर दोन रेघा. वेदिका बाथरूमच्या दारात उभीच राहिली. योगेशने तंबाखूची पुडी खिडकीतून भिरकावली, आणि ती खालच्या काकूंच्या तुळशीत पडली. काकू ओरडल्या. तो खाली जाऊन माफी मागून आला. पुडी मात्र परत आणली नाही. त्याच्या रकान्यातली ही पहिली खरी नोंद.

वेदिकाच्या शाळेत परीक्षा होती म्हणून सोनोग्राफीची चिठ्ठी आणायला तो एकटाच गेला. नर्सने विचारलं, "शेवटच्या पाळीची तारीख?"

योगेशने तक्त्याचा मोबाइलवरचा फोटो उघडला आणि पहिल्या ओळीतली लाल तारीख वाचून दाखवली. नर्स म्हणाली, "वा, नवऱ्याला पाठ आहे!" तो घरी येईपर्यंत शीळ वाजवत होता.

दिवस सहासष्टावा

सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. वेदिकाने त्याचा हात घट्ट धरला. गेल्या वर्षीही हेच झालं होतं: आधी चिठ्ठी, मग शांतता.

"तारखेप्रमाणे साडेनऊ आठवडे हवेत," डॉक्टर म्हणाल्या. "इथे जेमतेम साडेपाच दिसतात. ठोके दिसत नाहीत. तारीख नक्की आहे ना?"

"नक्की," योगेश म्हणाला. "तक्ता आहे माझ्याकडे."

"कुठली तारीख सांगितलीस?" वेदिकाने पडल्या पडल्याच विचारलं.

त्याने मोबाइल पुढे केला. तिने तारीख पाहिली. मग त्याच्याकडे पाहिलं, चौथीच्या मुलाकडे पाहावं तसं.

"ही पहिली. त्यानंतर आली होती की मला. शाळेतल्या सायलीच्या साखरपुड्याच्या दिवशी. तुला सांगितलं तेव्हा 'बरं' म्हणून गच्चीवर निघून गेलास."

गेला होता खरा. तो महिना वाया गेला हे लिहायला पेन उचलवलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात राहील असं त्याने मनाशी धरलं होतं, आणि तक्त्याचं गाव म्हणजे तरी कोण? दोन माणसं आणि एक फ्रिज. त्यांनाही सांगवेना. एकोणतिसावा दिवस कोरा सोडून त्याने मोजणी पुढे रेटली होती.

पुंजाभाऊंनी निदान टोपी तरी काढली होती.

"खऱ्या तारखेने अडतीस दिवस," डॉक्टर बोटांवर मोजत म्हणाल्या. "मग एवढंच दिसायला हवं. ठोके यायला अजून वेळ आहे. पण आज मी काही कबूल करत नाही. अकरा दिवसांनी या." मग योगेशकडे वळून, "आणि तारीख यांनाच सांगू द्या."

दिवस अडतीस ते अठ्ठेचाळीस

तक्ता फ्रिजवरून उतरला. वेदिका रोज गोळी घेत होती. योगेश रोज तिला 'घेतलीस?' असं न विचारण्याचा सराव करत होता. जीभ तंबाखू मागत होती, तिला बडीशेप मिळत होती. त्यातल्या सहाव्या दिवशी पुंजाभाऊंचा फोन आला, मणी फुगायला लागले म्हणून. "तुमी वळखलं कसं वो भाऊ?" योगेश म्हणाला, "अनुभव." आणि एकटाच इतका हसला की डोळे पुसावे लागले.

दिवस एकोणपन्नासावा

खिडकीवरच्या मुलीने अर्ज पुढे केला. "शेवटच्या पाळीची तारीख?"

योगेशने तोंड उघडलं, मिटलं, आणि पाण्याच्या कूलरपाशी जाऊन उभा राहिला. वेदिकाने तारीख सांगितली.

आत पडद्यावर भाताच्या शितापेक्षा थोडं मोठं काहीतरी होतं आणि त्याच्या मध्यभागी काहीतरी लुकलुकत होतं. डॉक्टरांनी आवाज लावला. ठोके घाईघाईने येत होते. सात आठवडे, बरोबर.

"मोजतोयस का?" वेदिकाने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. मोजत होता, पण चुकत होता. दर वेळी विसाच्या आसपास डोळे भरून यायचे आणि पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागायची.

घरी येऊन त्याने तक्ता कपाटातून काढला. एकोणतिसाव्या दिवसासमोर लाल पेनाने लिहिलं: 'पहिली वाया गेली. दुसरी छाटणी.' आणि पेन वेदिकाच्या हातात दिलं.