सुलोचना टॉकीजचा स्ट्रेचर

मित्रांनो, मी एक जुना स्ट्रेचर आहे. पण तेवढ्यावरून लगेच हळहळू नका. मी दवाखान्यातला नव्हे, सिनेमातला. माझ्या सगळ्या उमेदीच्या काळात मी एकही आजारी माणूस उचलला नाही. उचलल्या त्या बहुतेक वेळा पद्मिनीबाई, आणि त्यांची तब्येत उत्तम होती.

माझा जन्म रायपुरात, पंडरीच्या कापडबाजाराजवळच्या सुलोचना टॉकीजच्या मागच्या अंगणात झाला. टॉकीजचे मालक नीलकंठशेठ आणि मॅनेजर श्यामराव. श्यामराव गोंदियाहून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. एके दिवशी टॉकीजला ‘बावड़ी का बाराती’ नावाचा भुताचा सिनेमा आला. त्यातलं भूत पिवळा फेटा बांधून विहिरीतून वर यायचं आणि दर वेळी कोरडंठक्क असायचं. त्याच्या पोशाखाला पाठीवर चेन होती, ती शेवटच्या रांगेतूनही दिसायची. पहिल्या खेळाला लोक इतके हसले, की विनोदी सिनेमा लागला असं समजून दुसऱ्या खेळाला काही कुटुंबं लहान मुलांना घेऊन आली.

नीलकंठशेठ डोकं धरून बसले. श्यामराव मात्र खुशीत होते. म्हणाले, “शेठ, पिक्चर भेवाडत नसन तं आपण भेवाडू. त्यात काय एवढं?”

त्यातूनच मी झालो. पोस्टर चिकटवायच्या कामाचे दोन बांबू आणि टॉकीजच्या जुन्या, फाटलेल्या पडद्याचं कापड. म्हणजे बघा, माझं कूळ काही साधं नव्हे. माझ्या अंगावर कितीतरी नायक मरून पुन्हा उठले होते. श्यामरावांनी स्वतः सुतळीने माझी शिवण घातली. पोस्टर रंगवणारे हरिदास पेंटर यांना माझ्यावर एक लाल फुली काढायला सांगितलं. त्यांनी ती काढली. पण भुताच्या पोस्टरांचा हात बसलेला, त्यामुळे फुलीतून रक्ताचे थेंबही गाळले. दरवाजावर पाटी लागली: ‘कमजोर दिलवाले टिकट न लें. डॉक्टर हाजिर है.’ डॉक्टर म्हणजे शेजारचे शिंपी. पांढरा कोट त्यांनी स्वतःच शिवला होता. गळ्यात मात्र बरेचदा स्टेथोस्कोपऐवजी माप घ्यायची टेप राहून जायची.

माझी पहिली मिरवणूक मला अजून आठवते! सायकलरिक्षावर मी, माझ्यावर पांढऱ्या चादरीखाली टॉकीजचा गेटकीपर, बाहेर लोंबणारा त्याचा एक हात आणि पुढे सिनेमाची जाहिरात ओरडणारा भोंगा. पुरानी बस्तीत शिरलो तेव्हा भोंगा नेमका बिघडला. आता नुसती चादर आणि लोंबता हात. लोकांनी हात जोडले. एका फुलवाल्याने मनोभावे झेंडूचा हार घातला. दोघेतिघे तर गंभीर चेहऱ्याने मागे चालू लागले. तेवढ्यात चहाची टपरी आली आणि गेटकीपर उठून बसला. “एक कट देना भैया, शक्कर ज्यादा,” तो म्हणाला. फुलवाला जो पळाला, तो हाराचे पैसे मागायलाही कधी आला नाही. त्या संध्याकाळी टॉकीजमध्ये उभं राहायला जागा नव्हती.

पण खरी नोकरी आत, अंधारात होती. प्रत्येक खेळाला एक बाई किंचाळून बेशुद्ध पडणार आणि तिला माझ्यावरून बाहेर नेणार, अशी श्यामरावांची योजना. ठरवलेली बाई ऐनवेळी आलीच नाही. मग श्यामरावांनी आपल्या बायकोला, पद्मिनीबाईंना, गळ घातली. तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालेलं.

“तुले फक्त ओरडून पडाचं हाय,” श्यामराव म्हणाले.

“अन् मले खरंच भेव वाटलं तं?”

“तं मंग लयच चांगलं!”

पद्मिनीबाईंना खरंच भीती वाटायची. त्या भुताला भिणारी सबंध रायपुरात ही एकच बाई. म्हणून त्या पहिल्यापासून डोळे गच्च मिटून बसायच्या. भूत पडद्यावर आलं, की दाराशी उभे असलेले श्यामराव दोनदा खोकायचे. खोकला ऐकला की पद्मिनीबाई किंचाळायच्या. काय ती किंकाळी, मित्रांनो! ती ऐकून माझे बांबू शहारायचे. मग धप्प. मग “हटो, हटो, डॉक्टर को आने दो!” आणि मी धावत आत. अख्खं टॉकीज उभं राहून माझ्याकडे बघायचं. त्या क्षणी मला माझ्या पडदा असतानाच्या दिवसांची आठवण यायची नाही. लोक माझ्याकडे बघत होते ना!

आता ऐका एक गंमत. त्या काळी एकाच सिनेमाची रिळं दोन टॉकीज वाटून घेत. तिकडे एक रीळ संपलं की सायकलवर टाकून इकडे आणायचं. एक दिवस भुताचं रीळ रेल्वे फाटकात अडकलं. मालगाडी काही सरेना. मशीनवरच्या दत्तोपंतांनी विचार केला, पडदा रिकामा ठेवण्यापेक्षा आधीच्या खेळापासून इथेच राहिलेलं पुढचं रीळ लावू. त्यात बागेतलं गाणं होतं. नायक गुलाबाच्या ताटव्यातून डोकं काढतो, नायिका लाजते, वगैरे. श्यामराव दाराबाहेर, पाठ पडद्याकडे, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. रोजची वेळ झाली आणि ते सवयीने खोकले. पद्मिनीबाईंचे डोळे मिटलेले. त्यांनी जीव खाऊन किंकाळी फोडली आणि पडल्या.

टॉकीज गार. पडद्यावर गुलाब, नायिका, फुलपाखरू. कोणाला काही कळेना. मागून एकाने हळूच विचारलं, “उसको क्या दिखा, भाई?” तेवढ्याने सगळ्यांच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवसापासून लोक भुताच्या वेळी शेंगदाणे सोलत आणि गाणं लागलं की एकमेकांचे हात धरून बसत. कोणी म्हणे ताटव्यामागे पांढरी बाई आहे, कोणी म्हणे फुलपाखराला पाय माणसाचे आहेत. सिनेमा महिनोन्‌महिने उतरला नाही.

श्यामराव त्या दिवशी माझी सैल झालेली शिवण ओढत पद्मिनीबाईंना म्हणाले, “पाहिलं का? माणूस भुताले भेत नाही. बाजूच्याले काय दिसलं, त्याले भेते.”

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. मीही ठेवलं होतं.

पुढे घरोघरी टीव्ही आले, मग मोबाइल आले. भुतं फुकट मिळू लागली. मी जिन्याखाली गेलो. माझ्यावरून सिमेंटची पोती नेली, खुर्च्या नेल्या, एकदा तर गणपतीच्या दिवसांत बुंदीची परात नेली. तेवढा एक दिवस बरा गेला. श्यामराव वारले. हरिदास पेंटरांचे रक्ताचे थेंब फिके पडून गुलाबी झाले. जाणारे-येणारे मला खाट म्हणू लागले. वस्तूला तिच्या नावाने कोणी हाक मारेनासं झालं, की समजावं, भंगारवाला जवळ आला.

आणि तो या वर्षी आलाच. नीलकंठशेठचा नातू यशदीप याने टॉकीज पाडून मॅरेज हॉल बांधायचं ठरवलं. यशदीप सहा फुटी, रोज जिममध्ये जाणारा. मराठी समजते, पण बोलतो हिंदीत. पद्मिनीबाईंची नात गंधाली कॉलेजात शिकते. तिने यशदीपच्या मागे लागून एक शेवटचा खेळ ठरवला: रविवारी दुपारी, ‘बावड़ी का बाराती’! कुठून तरी तिने तो सिनेमा मिळवला आणि लॅपटॉपवरून पडद्यावर लावायची सोय केली. मला जिन्याखालून काढून, पुसून, हॉलमध्ये बाजूच्या भिंतीला उभं केलं. किती वर्षांनी मी आत आलो! कापडाचा एक धागाही स्वस्थ बसेना.

खेळाआधी पद्मिनीबाई आल्या. केस पांढरे, हातात काठी. सरळ माझ्याजवळ येऊन त्यांनी माझ्या शिवणीवर बोट फिरवलं.

“यशदीप, हा स्ट्रेचर मले दे रे. यायनं, गंधालीच्या आजोबानं, आपल्या हातानं शिवला होता.”

“काकू, पूरा माल लॉट में दे दिया है,” यशदीप म्हणाला. “शो छूटते ही कबाड़ी गाड़ी लेके आ रहा. और ये खटिया तो नकली है. इस पे कभी कोई सच्चा मरीज सोया क्या?”

मित्रांनो, बोलणं लागलं. खोटं असतं तर एवढं लागलं नसतं.

“भैया, ऐसे मत बोलो,” गंधाली म्हणाली. “पब्लिक सच में डरती थी.”

“इससे?” यशदीपने पोस्टरवरच्या भुताकडे बघून हसून घेतलं. “चलो, शर्त. आज एक भी आदमी सच में गिरा ना, तो ये काकू का. नहीं तो कबाड़ी का. और काकू, आपका गिरना नहीं चलेगा हां!”

“हव,” पद्मिनीबाई म्हणाल्या.

गंधालीने समोशांची बशी पुढे केली. यशदीपने हात जोडले. नवरात्र होतं, त्याचे नऊ दिवस फक्त लिंबूपाणी चालू होतं. “बॉडी एकदम लाइट लगती है,” तो म्हणाला.

खेळ सुरू झाला. हॉल भरलेला! म्हातारे आठवणी काढायला आले होते, पोट्टे-पोट्ट्या मोबाइलवर शूटिंग करायला. पद्मिनीबाई रांगेच्या कडेला, माझ्याजवळच बसल्या. या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा! विहिरीतून पिवळा फेटा वर आला, चेन चमकली, हॉल हसून लोळला. मी पद्मिनीबाईंकडे बघत होतो. त्या आधी दचकल्या, मग पुढे झुकल्या आणि मग खुदकन हसल्या.

“अगं माय! याले भेऊन मी डोये मिटत होती?”

माझा धीर सुटला. भुताची वेळ निघून गेली होती आणि पडलं कोणीच नव्हतं. जिच्या भीतीवर माझी सगळी आशा, तीच पोट धरून हसत होती. बाहेर भंगारवाल्याच्या गाडीचा हॉर्नही वाजला. यशदीप तर उठून भिंतीला टेकून उभा राहिला आणि हसणाऱ्या लोकांचं मोबाइलवर शूटिंग करू लागला. त्याच्या पाठीमागे बाहेर जायचं दार होतं आणि दाराला काळा पडदा.

मग गाणं लागलं. गुलाबाचा ताटवा, फुलपाखरू.

पद्मिनीबाईंचं हसू हळूहळू थांबलं. त्या उठल्या. पडद्याकडे पाठ करून यशदीपच्या खांद्यावरून, त्याच्या मागच्या काळ्या पडद्याकडे टक लावून बघू लागल्या. आधी शेजारचे गप्प झाले, मग त्यांच्या पुढचे, मग सगळे. यशदीपचा मोबाइल खाली आला. पद्मिनीबाईंनी काठी हळूच उचलली आणि त्याच्या मागे रोखली. खोकायला आता श्यामराव नव्हते. क्षणभर थांबून त्या स्वतःच दोनदा खोकल्या.

आणि मग ती किंकाळी! तीच! एवढी वर्षं ती त्या गळ्यात कशी टिकली, देव जाणे. छताच्या कबुतरांनी टॉकीज सोडलं. यशदीपने मागे वळून बघितलं. काळा पडदा वाऱ्याने थोडासा हलला. बस्स! सहा फुटी माणूस पोत्यासारखा खाली.

“हटो, हटो!” गंधाली ओरडली. “स्ट्रेचर लाओ!”

स्ट्रेचर! मला खाट कोणी म्हटलं नाही! चौघांनी मला धरलं, यशदीपला माझ्यावर ठेवलं आणि उचललं. मित्रांनो, माझं माप पद्मिनीबाईंचं. हे वजन निराळंच. बांबू कण्हले. डावीकडची एक शिवण चर्रकन बोलली. मी मनात म्हटलं, श्यामराव, तुमची सुतळी सांभाळा. सुतळी टिकली! भर हॉलमधून, उभ्या राहिलेल्या लोकांमधून मी माझ्या आयुष्यातला पहिला खरा रुग्ण बाहेर नेत होतो आणि अख्खं टॉकीज टाळ्या वाजवत होतं. हे रुग्णाशी बरोबर वागणं नव्हे, मला मान्य आहे.

बाहेर उजेडात तोंडावर पाणी मारल्यावर यशदीपने डोळे उघडले. भीतीने त्याची मराठी आपोआप परत आली होती.

“काकू... माझ्या मागं कोण होतं?”

“कोणीच नव्हतं, बाळा,” पद्मिनीबाई त्याला साखरपाणी पाजत म्हणाल्या. “काही दुखून तं नाही राहिलं?”

“मला भीती-बिती नाही वाटली. उपासानं चक्कर आली.”

“भैया, शर्त में उपास की बात नहीं थी,” गंधाली म्हणाली.

तेवढ्यात भंगारवाला आला. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. “सेठ, ये भी जाएगा ना?”

यशदीप अजून माझ्यावर आडवाच होता. “अरे, मैं लेटा हूँ, दिखता नहीं?” तो म्हणाला. मग पद्मिनीबाईंकडे बघून हळूच पुटपुटला, “ये काकू का है.”

आता मी शंकर नगरला पद्मिनीबाईंच्या बाल्कनीत असतो. माझी डावी शिवण त्यांनी स्वतः घातली, त्याच टाक्याने. उन्हं चांगली असली की माझ्यावर मूगवड्या वाळतात. कधीमधी यशदीप येतो, मला दोन थापा मारतो, चहा घेतो. बसतो मात्र भिंतीला पाठ लावून.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याही जिन्याखाली, माळ्यावर कोणी जुना पडलेला असेल. त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा, त्याच्यावरची धूळ झटका, त्याची सुटलेली शिवण बघा. आणि नकली आहे म्हणून त्याला भंगारात द्यायला निघाला असाल, तर दारातून बाहेर पडण्याआधी एकदा मागे वळून बघा. मागे कोणी नसेलच. तरी बघा.