मादिकेलेदीची गुरुवारची बाटली

आमच्या हा-रामोफो गावात ढग इतके खाली का उतरतात, हे हवामानवाल्यांना विचारू नका, मला विचारा. म्मे मादिकेलेदीच्या अंगणातल्या काठीवर पांढरं फडकं चढलं, की जोआला, म्हणजे ज्वारीची बिअर, तयार आहे हे दरीतल्या माणसांना कळतं, तसंच ते ढगांनाही कळतं. ते डोंगरावरून सरपटत येतात, कुंपणापाशी ओळीनं बसतात आणि कोणाचं लक्ष नाहीसं पाहून पिंपात तोंड घालतात. संध्याकाळी परत जाताना त्यांची चाल बघा म्हणजे पटेल. माझ्या मावसभावाच्या खेचरानं एकदा तिचा नुसता गाळ चाटला, तर ते तीन दिवस चर्चच्या दारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला मान लववत होतं. खोटं वाटत असेल तर त्या खेचराला विचारलं असतंत. ते आता हयात नाही, यात माझी काय चूक?

तर अशी तिची जोआला. ज्वारी भिजवायची, मोड आणायचे, पीठ करून आंबवायचं, शिजवायचं, पुन्हा विरजण घालून आंबवायचं, गवताच्या गाळणीतून गाळायचं. आमच्या डोंगरात हे निम्म्या बायकांना येतं. पण फडकं चढवायची हिंमत तिघीचौघींचीच, आणि त्यांत मादिकेलेदी पहिली. मोठ्या बाईला आम्ही म्मे म्हणतो, मोठ्या माणसाला न्ताते.

आमच्यात पहिला घोट करणारीनं घ्यायचा. तिनं सगळ्यांसमोर गिळला, की मग पाहुण्यांनी पेल्याला हात लावायचा. आणि प्यायल्यावर नाव ठेवायचं नाही. ज्या बाईची जोआला तिच्या घरच्या बदिमोंनाही, म्हणजे गेलेल्या माणसांनाही, पाजली जाते, तिला नावं ठेवणारे आपण कोण? नावं ठेवायचा हक्क एकट्या नवऱ्याचा. तो हक्क सेखोबेनं छत्तीस वर्षं मनसोक्त वापरला. घोट घ्यायचा, मिशा पुसायचा, म्हणायचा, "आज धूर लागलाय." किंवा, "आज घाई केलीस." मग ती हातातला लाकडी डाव फेकायची, तो चुकवायचा, आणि त्यांचं भांडण चालू असेतो आम्ही निवांत दुसरा पेला भरून घ्यायचो.

चार हिवाळ्यांपूर्वी सेखोबे गेला.

गेल्या वर्षी तो तिच्या स्वप्नात आला. घोंगडी पांघरून गोठ्याच्या दगडी भिंतीवर बसला आणि म्हणाला, "तहान लागलीय." झालं, बदिमोंनी मागितलं म्हणजे द्यायचं. तिनं जोआला केली, गोठ्यात ओतली, आम्हालाही पाजली. आठ दिवसांनी तो पुन्हा आला. पेला उचलला, एक घोट घेतला, पेला खाली ठेवला. मिशासुद्धा पुसल्या नाहीत. तिनं पुन्हा केली, पुन्हा ओतली. तिसऱ्यांदा आला तो पाठ करून बसला. सगळं स्वप्नभर नुसती पाठ, घोंगडीवरचे पट्टे, आणि त्याच्यापलीकडे धुक्यात पीचची झाडं.

"पाठीनंतर काय असतं, काबी?" तिनं मला विचारलं होतं. "पाठीनंतर माणूस उठून जातो. मग तो स्वप्नातसुद्धा येत नाही."

"तुझी जोआला उत्तम आहे, म्मे," मी म्हणालो.

"तू तर म्हणणारच. तू भिजवलेलं घोंगडं पिळून दिलं तरी उत्तम म्हणशील."

तिनं बाकीच्यांनाही विचारलं. उत्तम, फार छान, आकाश दिसलं, अशी उत्तरं आली. मग ती विचारायची थांबली, आणि दर गुरुवारी सकाळी गावातून नाहीशी व्हायला लागली.

मी तिच्या मागे गेलो, कारण माझी मेंढी हरवली होती. खिंडीत धुकं इतकं दाट होतं की मी ते हातानं बाजूला सारत चाललो होतो, आणि मागे वळून पाहिलं तर माझ्या आकाराचं भुयार पडलेलं. दोन तासांनी कँप आला. जिल्ह्याच्या गावाला आम्ही कँपच म्हणतो. तिथं गॅरेजच्या मागं लेत्लात्साची पत्र्याची शेड आहे. हा मुलगा पूर्वी आईच्या अंघोळीच्या टबात बिअर करायचा, आई शेजाऱ्यांकडे अंघोळीला जायची. आता त्याच्याकडे चार चकचकीत टाक्या आहेत, आणि त्याच्या बाटलीवर घोड्याचं चित्र असतं.

म्मे मादिकेलेदीनं एक बाटली विकत घेतली. शेडच्या मागं उन्हात एका दगडावर बसली, झाकण काढलं आणि डोळे मिटले.

मी पुढे झालो. "म्मे, घरात सात गायी, आणि दूध मागायला दुसऱ्याच्या दारी?"

ती दचकलीही नाही. "बस, काबी. आणि मेंढी शोधत होतो म्हणू नकोस. तुझ्याकडे मेंढी नाही."

"हरवली म्हणूनच तर नाही."

"गप्प बस. मी अजून आत चाललेय."

तिनं दुसरा घोट घेतला. मी वाट पाहिली. ऊन पत्र्यावर टिकटिक करत होतं.

"लांबच लांब पडवी आहे," ती हळूच म्हणाली. "संत्र्याच्या साली वाळत घातल्यात. कोणीतरी पाय धुऊन नुकतंच आत गेलंय, फरशी ओली आहे. पलीकडे पाणी असावं. समुद्र म्हणतात तसलं. मी कधी पाहिलेला नाही, पण वास येतोय."

"एका बाटलीत?"

"अर्ध्या. स्वतःची प्यायले की मला माझंच घर दिसतं. चूल कुठं, मडकं कुठं, पोत्याला भोक कुठं, सगळं ठाऊक. स्वतःच्या घरात माणूस डोळे मिटून चालतो, काबी. मोडका पाट चार वर्षं वाटेत पडलेला असला तरी पाय आपोआप वळसा घालतो. दुसऱ्याच्या घरी राहून आलं, की आपल्याच दारात ठेच लागते. मला ती ठेच हवीय. माझ्या जोआलात काहीतरी वाटेत पडलंय, सेखोबेला ते लागतंय, आणि मला दिसत नाही."

"मग लागली ठेच?"

"कशी लागणार? चोरून प्यायची म्हणून इथं पिते. दोन तास डोंगर चढून घरी पोचेपर्यंत जीभ पुन्हा घरची होते."

तेवढ्यात लेत्लात्सा बाहेर आला. त्याच्या हातात पिवळा डबा होता, आणि डब्यात आमच्या गावची जोआला. मी ती खिंडीपलीकडूनही वासावर ओळखतो.

"तूसुद्धा?" मी म्हणालो.

"दर आठवड्याला मागवतो, न्ताते. दिवसभर स्वतःचीच चाखून मला ती पाण्यासारखी लागायला लागते. मग म्मेची एक वाटी घेतली, की माझीत काय कमी पडलं ते दिसतं."

"आणि माझीत काय कमी आहे?" मादिकेलेदीनं त्याचा दंड धरला. "बोल. तू कारागीर आहेस."

पोरगं लाजलं. जमिनीकडे बघत म्हणालं, "म्मे, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या. छानच असते."

तिनं दंड सोडला. येताना खिंडीत ती माझ्यापुढे झपाझप चालत राहिली.

आता मी हे कोणाला सांगणार नव्हतो. पण रस्त्यात चर्चचा घंटावाला भेटला, त्याला मी एवढंच सांगितलं की एक बाटली. झऱ्यापाशी पोचेपर्यंत त्या चार झाल्या होत्या, आणि वरच्या वाडीत गाढवावर लादलेली पेटी झाली होती. रविवारपर्यंत असं ठरलं होतं, की म्मे मादिकेलेदी स्वतःची जोआला गिळतच नाही. पहिला घोट गालात धरते आणि मागच्या दारी थुंकते. करणारी स्वतः बाटलीतली विकत घेऊन पिते, म्हणजे पिंपात काय असेल? मी म्हणत होतो, अहो, तसं नाही. पण माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

रविवारी पांढरं फडकं दिवसभर फडफडलं. कोणी आलं नाही. ढगसुद्धा खिंडीतच थांबले.

सोमवारी तिचा धाकटा दीर मोखेथी आला. टोपी हातात, म्हणजे वाईट बातमी.

"वहिनी, महिनाअखेर दादाच्या थडग्यावर दगड ठेवायचाय. भाऊबंद म्हणतात, जोआला माथाकानेकडून आणू."

"वरच्या वाडीच्या माथाकानेकडून?"

"हो."

"तुझा भाऊ जिवंतपणी तिच्या दारी पाण्यालाही थांबला नाही, आणि आता मेल्यावर जाईल?"

"लोक तुमची पिणार नाहीत, वहिनी. दगडाच्या दिवशी पिंप भरलेलं राहिलं तर दादाची शोभा होईल. मी काय करू?"

"गुरुवारपर्यंत थांब. गुरुवारी दुपारी इथं ये. तोंड बरोबर आण, भाऊबंदांची मतं घरी ठेव."

गुरुवारी ती कँपला गेली आणि परत आली ती मोठ्या वाटेनं, भर दुपारी. घोंगडी खांद्यावर, हात वर, हातात घोड्याच्या चित्राची बाटली. बायका भिंतीआडून बघत होत्या, तिनं त्यांनाही दाखवली. सरळ माझ्या दारात आली.

"चल, चहाटळा. सगळ्यांना कळलंच आहे तर आता घरीच पिते. तेवढं एक काम तुझ्या जिभेनं बरं केलं."

अंगणात निम्मं गाव जमलं होतं, प्यायला नाही, बघायला. मोखेथी भिंतीला टेकून उभा. तिनं दोन पेले ठेवले. आधी बाटलीतली प्यायली, डोळे मिटून, सावकाश. आम्हाला वाटलं ती उभ्या उभ्या कुठंतरी निघून गेली. मग तशीच, डोळे न उघडता, जोआलाचा पेला उचलला आणि घोट घेतला. गिळला. दुसरा घेतला. तळ दिसेपर्यंत प्यायली, एक थेंब थुंकला नाही.

तिच्या कपाळाला आठी पडली.

"काहीतरी आहे," ती म्हणाली. "पायाला लागलं. काय लागलं ते कळेना. काबी, आता तू. त्याच क्रमानं."

मी बाटलीतली प्यायलो. पडवी वगैरे मला दिसली नाही; मला माझे वयाच्या विसाव्या वर्षीचे दात दिसले, सगळेच्या सगळे, एका ओळीत. मग तिची घेतली.

"बोल," ती म्हणाली. "आयुष्यात एकदा. सेखोबे उठून जायच्या आत."

नावं ठेवायची नाहीत हे मला आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं. मी डोळे मिटले.

"गोड आहे," मी म्हणालो. "लापशीसारखी. पूर्वी ती कान धरून ओढायची. आता गाल कुरवाळते."

"अरे देवा!" कोणीतरी म्हणालं.

"आणि ती मीच गोड केली. दोन हिवाळ्यांपूर्वी माझी दाढ ठणकत होती. मी म्हणालो, म्मे, आंबट जरा कमी कर, लोकांना आवडेल. तू पीठ दोन रात्रींऐवजी एकच रात्र आंबवलंस. मग सगळे छान छान म्हणाले, आणि तू अर्धीच रात्र ठेवायला लागलीस."

"हा खोटारडा आहे," मोखेथी म्हणाला. "यानं माझ्या बापाला ढगावर बसून तंबाखू ओढताना पाहिलंय म्हणे. याच्या शब्दावर कोण—"

"खोटं सांगताना याचे डोळे बशीएवढे होतात," मादिकेलेदी म्हणाली. "आत्ता बघ. मिटलेत." मग माझ्याकडे वळली. "दाढेसाठी! तुझ्या एका दाढेसाठी माझा नवरा पाठ करून बसला!" आणि तिनं डाव फेकला. मी चुकवला नाही. चुकवायचा हक्क माझा नव्हता.

मोखेथीनं बराच वेळ टोपी फिरवली. मग पिंपापाशी गेला, पेला भरला, प्यायला. "गोड आहे खरी," तो म्हणाला. "वहिनी, दगडाच्या दिवसाची तुम्हीच करा."

तिनं पीठ पूर्ण दोन रात्री आंबवलं. दुसऱ्या रात्रीनंतर त्याच्या वासानं अंगणातल्या कोंबड्या शिंकायला लागल्या, शपथेवर सांगतो. दगड ठेवला त्या दिवशी पीच फुलले होते, दरीभर गुलाबी धूर. तिनं सगळ्यांसमोर पहिला घोट घेतला, तिचे कान लाल झाले. मग गोठ्यात जाऊन भिंतीच्या बुडाशी ओतली. ज्वारीच्या रंगाचं पाणी दगडांत सावकाश मुरलं. ती तिथंच उन्हात भिंतीला पाठ टेकून बसली, आणि थोड्या वेळानं तिची मान कलली.

आम्ही पेले भरून उभे होतो. प्यायचं कोणाला धैर्य होईना. म्हातारे, बायका, कँपहून आलेला लेत्लात्सा, सगळे तिच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत होतो. पापण्यांखाली काहीतरी इकडून तिकडे चाललं होतं. पाकळ्या तिच्या घोंगडीवर पडत होत्या. त्या दुपारी सूर्य थांबला होता. मी सावली मोजून पाहिली.

ती जागी झाली. कोणी विचारेना, शेवटी मोखेथीनंच विचारलं.

"आला?"

"आला."

"पाठ?"

"तोंड." तिनं डोळे पुसले. "एक घोट घेतला, मिशा पुसल्या, आणि म्हणाला, इतकी आंबट कशाला केलीस? कान उपटायचेत का माझे?"

आम्ही सगळे एकदम प्यायलो. लेत्लात्साला ठसका लागला. मोखेथीच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते जोआलाचं की भावाचं, मी विचारलं नाही.

"मग वहिनी, पुढच्या वेळी आंबट थोडी कमी?" त्यानं विचारलं.

"वेडा आहेस का?" ती घोंगडी झटकत उठली. "कमी केली तर तो बोलेल कशाला?"