भिंगारच्या भट्टीतला पिझ्झा

शेवटचा साधासुधा दिवस रविवार होता, आणि त्या दिवशी बापलेकीचं वाजलं ते पिझ्झ्याच्या बुडावरून.

नगरजवळ भिंगारच्या बाजारातून आत वळलं की नबीलाल बेकरी लागते. काचेच्या बरण्या, नानकटाई, बटर, पाव, मागे लाकडावरची भट्टी. संध्याकाळचा पाव निघाला की ती भट्टी पुढे बराच वेळ तशीच तापलेली राहते. काही वर्षांपूर्वी पाव आणायला गेलेल्या शामकांतांना ते बघवलं नाही. जन्मभर पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेला माणूस. कालव्याच्या चारीचं पाणी वाया जाताना पाहून जीव कासावीस व्हायचा, तसाच ही धग वाया जाताना झाला. त्यांनी नबीलालच्या नातवामागे, परवेझमागे, लकडा लावला की या धगीत पिझ्झा भाजून बघ. परवेझनं काही करपवले, काही कच्चे काढले, आणि मग एकदा जमला तो असा जमला की सावेडीतली पोरं मोटारसायकली काढून भिंगारला यायला लागली.

शामकांतांचं पिझ्झाप्रेम त्याआधीपासूनचं. बदल्यांच्या निमित्तानं जिल्हाभर हिंडले, आणि ज्या गावात पिझ्झ्याची पाटी लागली त्या गावात पहिल्या आठवड्यात हे हजर. शिर्डीला भक्तांसाठी कांदा-लसूण न घालता करणारा एक जण होता; सपक करायचा, पण माणूस सरळ आहे म्हणून वर्षातून एकदा तिथं हजेरी. दिल्लीगेटपाशी छबूबाई तव्यावर झाकण ठेवून करायची, तिचा सॉस गोड असूनही तिला ते मानायचे. पुणतांब्याचा एक जण चीजच्या जागी दुसरंच काहीतरी किसून घालतो असा त्यांना दाट संशय होता, आणि त्याची खात्री करायला ते तीनदा जाऊन आले होते. मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत दुकानात मात्र पाय ठेवला नाही. ज्या पिझ्झ्याला गाव नाही तो खायचा कशाला, म्हणायचे.

खायची रीतही त्यांची स्वतःची. आधी कड मोडायची. भाकरी काय नि पिझ्झा काय, पारख कडेला होते. मग खिशातून जवसाच्या चटणीची डबी काढून वर भुरभुरायची. परवेझ या प्रकाराला आधी हसला, आता त्याच्या गल्ल्यावर जवसाच्या चटणीची बरणी असते आणि पोरं ती मागून घेतात.

मनवा त्यांची धाकटी. पुण्यात शिकली, तिथंच नोकरी केली, आणि आई गेल्यावर नगरला परत येऊन एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागली. वाचन अफाट, बोलणं मोजकं. शामकांतांना तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. पुण्याच्या पिझ्झ्यांची नावं ती एवढ्या ऐटीत घ्यायची, तर तिनं एकदा कबूल करावं की भिंगारचा त्याहून सरस आहे. आणि मनवा नेमकं तेवढंच म्हणायची नाही. इतकी वर्षं चाललेला खेळ होता तो, दोघांनाही त्यात गोडी होती.

"कसा झालाय?" त्या रविवारी त्यांनी विचारलं.

"बरा."

"बरा म्हणजे? पुण्यापेक्षा?"

"बूड जाड आहे."

"जाड नाही, भरदार म्हणतात त्याला. परवेझ, ऐकलंस? आमच्या बाईसाहेब पुस्तकं सोडून आता बुडं तपासतात."

परवेझ भट्टीकडून वळला. "ताई, एकदा चांगला म्हणून टाका ना. काकांचं बीपी तरी खाली येईल."

"म्हटलं तर काका इथंच खाट टाकतील," मनवा म्हणाली.

शामकांत खूश होऊन हसले. परवेझ दुसऱ्या दिवशी मेथीचा करून बघणार होता. ते ऐकल्यावर त्यांनी लेकीकडे बोट रोखलं. उद्या म्हणशील बघ, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात पुस्तकांची मोजदाद होती, मनवाला उशीर होणार होता. मेथीचा पिझ्झा घरी आणायला शामकांत एकटेच स्कूटरवर गेले. परत येताना छावणीच्या वळणावर कांद्याच्या गोण्या भरलेला टेम्पो उलट्या बाजूनं आला. मनवा दवाखान्यात पोहोचली तेव्हा तिला कुणी आत जायची घाई करू दिली नाही, त्यावरूनच ती काय ते समजली.

मग माणसं यायला लागली, आणि तिच्या रागाला सुरुवात झाली.

आलेला प्रत्येक जण पाण्याचा पेला हातात घ्यायचा, भिंतीवरच्या फोटोकडे बघायचा आणि म्हणायचा, पिझ्झ्यापायी गेले हो. शेजारच्या सविताताई म्हणाल्या. खात्यातले जुने लोक म्हणाले. पुणतांब्याहून त्यांच्या हाताखालचा वाल्मिक शिपाई आला, खरोखर रडला, आणि डोळे पुसता पुसता तोही म्हणाला, "सायबांना लई नाद हुता त्या पिझाचा. त्योच नडला." टेम्पोचं नाव कुणी काढलं नाही. त्या वळणावर सगळेच उलटे येतात, कारण दुभाजकातली गाडी वळवायची फट बरीच पुढे आहे. सगळेच करतात त्याचा दोष कुणाला द्यायचा? या वयात पिझ्झा खाणारा म्हातारा मात्र एकटाच होता. एकट्या माणसावर दोष ठेवायला सोपं जातं.

पुण्याहून आलेला मोठा भाऊ सुहास चौकीत जाऊन आला. टेम्पोवाला म्हणत होता की आजोबांनी एका हातात खोकं धरलं होतं, एका हातानं गाडी चालवत होते, तोल गेला. सुहासला ते लगेच पटलं. बाबांना आपण ओळखत नाही का, म्हणाला. मनवानं सांगितलं की तिनं चौकीच्या आवारात स्कूटर पाहिली आहे. पुढचा दिवा फुटला होता, हँडल वाकडं झालं होतं, आणि पाय ठेवायच्या जागी पिझ्झ्याचं खोकं सुतळीनं आडवं-उभं बांधलेलं, गाठ हुकाला अडकवलेली, जसंच्या तसं होतं. परवेझ स्वतः बाहेर येऊन ते तसं बांधून देतो, दर वेळी.

सुहासनं सुस्कारा टाकला. "मनू, असेल. पण आता काय त्याचं? केस उभी केली तर चकरा मारायला नगरला कोण येणार? आणि बाबा का परत येणार आहेत?"

मनवानं रिकामे पेले उचलले. या घरात मोठ्यानं बोलायची पद्धत नव्हती आणि तिला ती कधी लागलीही नव्हती. दार लावून घेतलेल्या भट्टीसारखी ती आतल्या आत तापत राहिली. आल्या-गेल्याला चहा दिला, सतरंज्या झटकल्या. कुणी पिझ्झ्याचं बोललं की स्वयंपाकघरात जाऊन गॅसची शेगडी पुसली. ती शेगडी त्या दिवसांत कुणी लख्ख म्हणावी अशी झाली होती.

दहाव्याला सगळे सीना नदीच्या काठच्या घाटावर जमले. गुरुजींनी पिंड मांडले. पिंडाशेजारी गेलेल्याच्या आवडीचं ठेवायचं, म्हणून नीलांबरी आत्यांनी, म्हणजे शामकांतांच्या थोरल्या बहिणीनं, डबे भरून आणले होते. शिरा, पुरणपोळी, अळूची वडी. शामकांत शिऱ्याला हात लावायचे नाहीत हे मनवाला माहीत होतं. आत्यांनाही माहीत असणार.

मनवानं परवेझला बोलावलं होतं. तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला, आणि हातात खोकं घेऊन फाटकापाशीच थांबला. आत्यांनी त्याला पाहिलं. पदर सावरत त्या मनवाजवळ आल्या आणि त्यांनी दबक्या आवाजात विचारलं की पिंडाशेजारी आता त्यांच्या भट्टीतलं ठेवायचं का. आणि तेही हेच, ज्याच्यापायी माझा भाऊ गेला?

"आत्या, त्याच भट्टीचा पाव मी लहान असल्यापासून आपल्या घरात येतो," मनवा म्हणाली. "तुम्ही आलात की मिसळीबरोबर तोच खाता."

"पावाचं वेगळं असतं," आत्या म्हणाल्या.

सुहास मध्ये पडला. लोक बघतायत, खोकं तूर्त गाडीवर राहू दे, नंतर बघू, म्हणाला. मग त्यानंच जाऊन परवेझला थांबायला सांगितलं. परवेझनं मान हलवली आणि खोकं आपल्या मोटारसायकलच्या सीटवर ठेवलं.

कावळे होते. पलीकडच्या लिंबाच्या झाडावर चारदोन बसलेले स्पष्ट दिसत होते. त्यातला एक भिंतीवर उतरला, पिंडाकडे तिरपी मान करून बघितलं आणि परत झाडावर गेला. ऊन चढायला लागलं. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल त्यांची. बोला. मोठ्यानं बोला, म्हणजे त्यांना ऐकू जाईल.

सुहास हात जोडून पुढे झाला. मनवाची काळजी करू नका, तिचं लग्न लावून देतो, म्हणाला. कावळा हलला नाही. मनवाला इथं एकटी ठेवत नाही, पुण्याला घेऊन जातो. कावळा हलला नाही. मनवा हात बांधून उभी होती. तिच्या डोक्यावरून तिच्या पुढच्या आयुष्याची बोली लागत होती आणि बोलीला गिऱ्हाईक येत नव्हतं. एरवी कुठल्याही दिवशी बाबांना हे सांगून ती पोट धरून हसली असती.

मग आत्या पुढे आल्या. त्यांचा आवाज थरथरत होता, डोळ्यांत खरं पाणी होतं. "शामू," त्या म्हणाल्या, "पोरं शब्द देतायत तुला. तुझ्या घरात पुन्हा कधी तो पिझ्झा येणार नाही. त्या वाटेला कुणी जाणार नाही." त्यांनी सुहासकडे बघितलं.

"शब्द देतो, बाबा," सुहास म्हणाला.

मनवा वळली आणि फाटकाकडे चालू लागली.

परवेझला ती आपल्याचकडे येते आहे हे दिसलं. तो घाईनं म्हणाला, "ताई, राहू द्या. माझ्यामुळं घरात वाद नको. मी निघतो. आणला तेव्हाच काकांना पोचला."

"नाही पोचला," मनवा म्हणाली. "मेथीचाच आहे ना?"

"त्या दिवशी केला तसाच."

तिनं सीटवरून खोकं उचलायला हात घातला आणि थांबली. सुतळीनं आडवं-उभं बांधलेलं, वर तशीच गाठ. त्यानं सवयीनं बांधलं होतं, तसंच. तिनं गाठ सोडवली, पण सुतळी टाकली नाही. खोकं आणि सुतळी घेऊन ती परत आली आणि सुहासच्या समोर उभी राहिली.

"हात पुढे कर," ती म्हणाली. त्यानं गोंधळून हात केला. तिनं सुतळी त्याच्या तळहातावर ठेवली. "खोकं अशाच सुतळीनं बांधलेलं होतं. अशीच गाठ. बाबांचे दोन्ही हात हँडलवर होते. टेम्पो उलटा आला. उलटा आला, सुहास. बाबा पिझ्झ्यापायी गेले नाहीत. तुम्हा सगळ्यांना वळणावरून थोडं पुढं जाऊन वळायचा कंटाळा येतो, त्यापायी गेले."

 सुहास हळूच म्हणाला, "मनू, इथं नको."

"इथंच. गुरुजी म्हणाले मोठ्यानं बोला." तिचा आवाज चढला नव्हता, पण मागच्या सतरंजीवर बसलेल्यांनाही ऐकू जात होता. "उद्या मी चौकीत जाऊन जबाब देणार आहे. चकरा मी मारीन, मी नगरलाच आहे. मला पुण्याला कुणी नेणार नाही, आणि माझ्या वतीनं कावळ्याला कुणी काही कबूल करायचं नाही. परवेझ, गाठ कुणी बांधली होती ते सांगशील?"

"सांगीन, ताई," फाटकापासून परवेझ म्हणाला. "मीच बांधली होती."

आत्या म्हणाल्या की मनवाचं डोकं ठिकाणावर नाही, कुणीतरी तिला बसवा. कुणी उठलं नाही. वाल्मिक मात्र खाली मान घालून, दोन्ही हातांनी आपली टोपी चुरगळत बसला.

मनवा पिंडापाशी खाली बसली. तिनं शिऱ्याचं पान बाजूला सरकवलं आणि खोकं उघडलं. मेथी कडांवर किंचित काळी पडली होती, चीज गार होऊन बसलं होतं. तिनं पर्समधून बाबांची डबी काढली, जवसाची चटणी वर भुरभुरली, एक तुकडा तोडून पानावर ठेवला. मग दुसरा तोडला आणि त्याची कड मोडली.

कावळा शिवेपर्यंत कुणी काही खात नाही. घाटावरच्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, तिलाही होतं.

"अगं मनवा," आत्या म्हणाल्या.

तिनं ती कड तोंडात घातली आणि सावकाश चावली. कडेला जळक्या लाकडाचा वास होता, मेथीचा कडवटपणा होता, मागून जवस आलं. तिचा राग जरासुद्धा कमी झाला नव्हता. टेम्पोवरचा, दुभाजकावरचा, सुतळी हातात घेऊन उभ्या राहिलेल्या भावावरचा, आणि एक दिवसही न थांबता निघून गेलेल्या या माणसावरचा. तिनं घास गिळला आणि झाडाकडे नाही, भिंतीकडे नाही, समोरच्या पिंडाकडे बघून, उभ्या आयुष्यात कधी बोलली नव्हती इतक्या मोठ्यानं ती म्हणाली,

"बाबा, बूड जाड नाही. भरदार आहे. पुण्यापेक्षा चांगला आहे, ऐकलंत? पहिल्या दिवसापासून चांगला होता."